खात्याचे ठिकाण आणि खातेदाराचा हक्क : कोल्हापूरच्या अनुभवाच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना :
मराठेशाहीच्या काळात व संस्थानी अमदानीत वेगवेगळ्या टांकसाळींची नाणी एकाच बाजारपेठेत चालत असत. सराफ नाणे कोठले आहे हे पाहून त्यावर बट्टा आकारीत. नाण्याच्या मूळ ठिकाणाची अशी किंमत मोजावी लागे. परंतु बट्टा दिल्यावर व्यवहार पुरा होत असे. आधुनिक बँकव्यवस्थेत नाण्याची जागा खात्याने घेतली आहे, आणि 'खाते कोठले' हा प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला आहे. एखाद्याचे खाते केवळ अमुक देशातील वा अमुक प्रकारच्या बँकेतील आहे म्हणून व्यवहारासाठी नाकारले गेले, तर ग्राहकाला कोणता हक्क उरतो, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

युरोपातील नियम :
युरोपीय संघाने या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले आहे. २०१२ च्या २६० क्रमांकाच्या विनियमातील कलम ९ नुसार, युरोमधील रक्कम देणाऱ्याने वा घेणाऱ्याने दुसऱ्या पक्षाचे खाते कोणत्या सदस्य देशात असावे, अशी अट घालता येत नाही. जर्मन रेल्वे कंपनीने खात्यातून परस्पर वसुलीची सोय फक्त जर्मनीत वास्तव्य असणाऱ्या ग्राहकांपुरती ठेवली होती. ऑस्ट्रियातील एका ग्राहक संघटनेने त्याविरुद्ध दाद मागितली. ५ सप्टेंबर २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने ही अट कलम ९ शी विसंगत ठरविली. या नियमाचे वैशिष्ट्य असे की, त्यात बंधन केवळ ग्राहकाच्या स्वतःच्या बँकेवर नसून खाते नाकारणाऱ्या समोरच्या पक्षावर आहे.

कोल्हापूरचा अनुभव :
आपल्याकडे हा प्रश्न देशाच्या सीमेवर नव्हे, तर देशांतर्गत बँकांच्या वर्गवारीत उभा राहिला. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १००० रुपयांच्या नोटा चलनातून रद्द झाल्या. १० नोव्हेंबरपासून इतर बँकांप्रमाणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनीही त्या स्वीकारल्या. मात्र १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने या बँकांना जुन्या नोटा जमा करून घेण्यास व बदलून देण्यास मनाई केली. पीककर्ज विकास सेवा संस्थांमार्फत व ऊसबिल जिल्हा बँकेच्या खात्यावर, अशी ज्या जिल्ह्याची अर्थरचना, तेथे या मनाईचा अर्थ फार वेगळा होता. ज्या शेतकऱ्याचे एकमेव खाते जिल्हा बँकेत होते, त्याला स्वतःचाच पैसा स्वतःच्याच खात्यावर भरता येईना. अन्य बँकेत नोटा बदलण्याची मर्यादा प्रथम ४,०००, मग ४,५०० आणि १८ नोव्हेंबरपासून २,००० रुपये झाली. २४ नोव्हेंबरनंतर ती सोयही संपली. उरलेली रक्कम ३० डिसेंबरपूर्वी भरण्यासाठी दुसरीकडे नवे खाते काढणे, हाच मुख्य मार्ग राहिला.

शासकीय भूमिकेत काळ्या पैशाची भीती होती व ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. सहकारी बँकांतील खातेदारांच्या ओळखतपासणीबाबत शंका घेतल्या जात होत्या. परंतु संशयास्पद खात्यांची छाननी करणे आणि एका वर्गातील सर्वच खाती एकाच वेळी बंदिस्त करणे यांत मूलभूत फरक आहे. पहिल्या उपायात दोषी व्यक्ती शोधली जाते; दुसऱ्यात खात्याचे ठिकाण हाच दोष ठरतो. १० ते १४ नोव्हेंबर या काळात जिल्हा बँकांनी स्वीकारलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे भरण्याची मुभा जून २०१७ मध्ये मिळाली. त्यामुळे बँकांची अडचण बरीच सुटली. खातेदाराच्या गेलेल्या दिवसांची भरपाई मात्र कोणी केली नाही.

कायद्यातील पोकळी :
ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ च्या 'सेवा' या व्याख्येत बँकव्यवहाराचा समावेश होता आणि २०१९ च्या अधिनियमातही तो आहे. परंतु येथे त्रुटी कोणाची? जिल्हा बँक पैसे घेण्यास तयार होती आणि मनाई करणारी संस्था नियामक होती. रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या ग्राहक हक्क सनदेत न्याय्य वागणुकीचा हक्क पहिला आहे. लिंग, वय, धर्म, जात व शारीरिक क्षमता या कारणांवरून भेदभाव होऊ नये, असे ती सांगते. खाते कोणत्या बँकेत आहे, हे कारण त्या यादीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०१६ रोजी घटनापीठाकडे सोपविलेल्या प्रश्नांत जिल्हा सहकारी बँकांबाबतच्या भेदभावाचा प्रश्न होता. तथापि २ जानेवारी २०२३ च्या निकालाचा भर नोटाबंदीच्या वैधतेवरच राहिला.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, आपला ग्राहक कायदा ग्राहक व त्याची बँक यांच्यातील नात्यापुरता विचार करतो. खाते नाकारणारा पक्ष तिसराच असेल, तर ग्राहकाला दाद मागण्याचे निश्चित ठिकाण राहत नाही. कायद्याने मान्य केलेल्या कोणत्याही बँकेतील खाते केवळ तिच्या ठिकाणावरून वा प्रकारावरून नाकारता येणार नाही आणि अपवाद करावयाचा झाल्यास तो मुदतीचा, सकारण व व्यक्तिनिहाय तपासणीवर आधारलेला असेल, असे तत्त्व सनदेत समाविष्ट होणे आवश्यक वाटते. जुना सराफ निदान बट्टा सांगत असे. नोव्हेंबर २०१६ मध्ये कोल्हापूरच्या शेतकऱ्याला तेवढाही पर्याय देण्यात आला नाही.