बीड परिसरातील अंगरागांचा इतिहास : उपभोग आणि अधिकार

कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराने शके १०५१ (इ. स. ११२९) मध्ये सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथाच्या तिसऱ्या विंशतीत राजाचे वीस उपभोग वर्णिले आहेत. गृहोपभोगानंतर लगेच स्नानोपभोग येतो. पुढे विलेपन, माल्य, पादाभ्यंग आणि धूप यांनाही स्वतंत्र स्थान मिळाले आहे. आजचा बीड जिल्हा त्या काळी याच राज्यात मोडत होता. त्यामुळे मराठवाड्याच्या सांस्कृतिक जीवनाचे वर्णन करताना हा ग्रंथ पुढे ठेवून तत्कालीन समाजाची सुगंधप्रियता सिद्ध करण्याचा मोह अभ्यासकांना पडतो. परंतु राजाच्या स्नानगृहावरून प्रजेच्या न्हाणीचे अनुमान करणे कितपत युक्त आहे? सुगंध कोणी घ्यावा आणि तो कोणी सिद्ध करावा, हे दोन प्रश्न वेगळे केल्याशिवाय या विषयाचा उलगडा होत नाही.

सोमेश्वराच्या वर्णनात केतकी, पुन्नाग, चंपक यांच्या फुलांनी तीळ वासवून मग त्यांचे तेल काढावयाचे आहे. विलेपनाची द्रव्ये ऋतुमानानुसार बदलतात. द्रव्यांची ही यादी भूगोलाच्या दृष्टीनेही उद्बोधक ठरते. चंदन दक्षिणेकडील अरण्यांतून, केशर काश्मीरातून, कस्तुरी हिमालयाच्या प्रदेशातून आणि उत्तम कापूर सुमात्रादी द्वीपांतून येत असे. यांपैकी बहुतेक द्रव्ये बालाघाटाच्या माळावर पिकत नाहीत. पिकतो तो तीळ. म्हणजे राजाच्या अभ्यंगाचा पाया स्थानिक आणि कळस परदेशी, असे म्हणावयास हरकत नाही.

सामान्य घरांतील अंगरागांकडे वळले असता हा पायाच तेवढा शिल्लक राहतो. हळद, आंबेहळद, कचोरा, वाळा, नागरमोथा, दवणा, मरवा, शिकेकाई, रिठा ही त्यांची सामग्री. ओढ्याच्या काठी आणि काळ्या रानात माजणारा मोथा शेतकऱ्याच्या दृष्टीने तण आहे. त्याच कुळातील कंद उटण्यात गेला की तो सुगंधी द्रव्य ठरतो. बीडचा पुष्कळसा भाग पर्जन्यछायेत येतो आणि पाण्याचे दुर्भिक्ष्य तेथे नित्याचे असते. अंगाला तेल चोळून ते उटण्याने सोडवावयाचे आणि शेवटी मोजके पाणी घ्यावयाचे, ही पद्धत अशा प्रदेशास विशेष सोयीची होती. तिच्या प्रसाराचे हे एकमेव कारण खचितच नव्हे. तथापि केवळ चैन म्हणून तिची बोळवण करणेही योग्य होणार नाही.

राजगृह आणि सामान्य घर यांच्या मधल्या पायरीवर प्रकाश टाकणारे एक साधन सुदैवाने उपलब्ध आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४०च्या दशकात 'गंधवाद' नामक सुगंधशास्त्रीय ग्रंथाच्या एका दुर्मिळ हस्तलिखिताचा परामर्श घेतला. मूळ संस्कृत ग्रंथास मराठी टीका जोडलेली असून तिचा काळ गोडे यांनी स्थूलमानाने इ. स. १३५० ते १५५० असा ठरविला. याच हस्तलिखितात गंगाधरकृत 'गंधसार'ही आहे. द्रव्यांवर करावयाच्या भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन या सहा क्रिया त्यात सांगितल्या आहेत. राजाला टीकेची गरज नसते. तो तयार लेप लावून घेतो. मराठीत अर्थ हवा असतो तो द्रव्य कुटणाऱ्याला, मोजणाऱ्याला आणि विकणाऱ्याला, किंवा त्याच्यावर देखरेख करणाऱ्याला. सुगंधाची विद्या संस्कृत पोथीतून उतरून मराठी बोलणाऱ्या कारागिराच्या हाती गेली होती, याचे याहून बोलके गमक क्वचितच सापडेल. ही टीका नेमकी बीड परिसरातील आहे असा दावा येथे अभिप्रेत नाही.

शब्दांची साक्षही दुर्लक्षून चालत नाही. महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'त स्नानाला 'मादने' म्हटले आहे. हा शब्द 'मर्दन' या मूळ शब्दाकडे बोट दाखवितो. अर्थात पाणी ओतण्यापेक्षा अंग चोळणे हाच स्नानाचा गाभा मानला जात होता. 'उटणे' हे 'उद्वर्तना'चे रूप आहे. संस्कृतातील 'गंध' म्हणजे कोणताही वास. मराठी घरात मात्र 'गंध उगाळणे' म्हटले की सहाणेवरचे चंदनच डोळ्यांपुढे येते. 'गुलाब' या फारसी शब्दातील 'आब' म्हणजे पाणी. मराठीने तो शब्द फुलाला दिला आणि मग त्याचे पाणी सांगण्यासाठी 'गुलाबपाणी' असा जोडशब्द बनविला!

हा फारसी संस्कार बीडवर दीर्घकाळ होत राहिला. तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल आणि शेवटी १९४८ पर्यंत हैदराबादचे असफजाही राज्य, अशी येथील सत्तांची परंपरा आहे. अत्तर ही या कालखंडाची मुख्य देणगी होय. मद्यार्करहित असल्यामुळे ते नमाजाच्या वेळीही चालते. जुम्मा आणि ईद या दिवशी ते लावणे इष्ट मानले गेले. हिंदू घरांतही हळदीकुंकवाच्या प्रसंगी मनगटावर अत्तराचे बोट आणि अंगावर गुलाबपाण्याचा शिडकावा हा उपचार रूढ झाला. बीड येथील शहेनशाहवली दर्ग्यासारख्या स्थानांच्या उरुसात 'संदल' निघतो. तेथे चंदन अर्पण होते ते कबरीला. एकच द्रव्य देवाच्या भाळी आणि पिराच्या मजारीवर चढावे, यात या प्रदेशाला कधी विसंगती वाटली नाही.

एवढ्यावरून सुगंध सर्वांना मुक्त होता, असा निष्कर्ष काढल्यास तो फसवा ठरेल. दारिद्र्याची मर्यादा तर होतीच. परंतु तिच्याहून कठोर मर्यादा शास्त्राने घातली होती. मनुस्मृतीने ब्रह्मचाऱ्यास गंध आणि माल्य वर्ज्य केले. स्कंदपुराणातील काशीखंडाने विधवेस अंगाचे उद्वर्तन आणि गंधद्रव्याचा उपभोग, दोन्ही निषिद्ध ठरविले. ब्रह्मचाऱ्याचा निषेध समावर्तनाबरोबर संपत असे. विधवेचा आमरण चाले. उच्चवर्णीय घरांत हा निर्बंध विशेष कडक होता. दिवाळीच्या पहाटे घरादारासाठी उटणे वाटावयाचे आणि स्वतःच्या अंगाला मात्र ते लावावयाचे नाही, ही स्थिती केवळ काव्यगत कल्पना नव्हे. निषेध आणि गृहव्यवस्था यांच्या संयोगाने ती अटळच होती. 'मानसोल्लासा'च्या शृंगारपूर्ण वर्णनात रमणाऱ्या अभ्यासकांनी या बाजूचा क्वचितच विचार केला आहे.

या व्यवस्थेला धक्का दिला तो ग्रंथांनी नव्हे, साबणाने. पहिल्या महायुद्धामुळे म्हैसूर संस्थानच्या चंदनाची युरोपकडील निर्यात अडली. त्यातून १९१६च्या सुमारास तेथे चंदनतेल काढण्याचा उद्योग उभा राहिला आणि पुढे त्या तेलाचा साबण निघाला. मुंबईत गोदरेज यांनी १९१९च्या सुमारास प्राणिज चरबीविरहित साबण आणल्यामुळे सोवळ्याच्या घरांतील एक मोठा आक्षेपही दूर झाला. सुधारकांच्या प्रयत्नांनी जुने निर्बंध त्याच काळात सैल होत होते, हे खरे. परंतु साबणाची किमया निराळी होती. त्यातील सुवास 'उपभोगा'च्या सदरात न पडता 'स्वच्छते'च्या सदरात पडला. उटण्याला सणाचा दिवस लागत असे आणि अत्तराला प्रसंग. साबणाला दोन्हींची आवश्यकता नव्हती. ज्या स्त्रीला गंध लावण्याची मुभा नव्हती, तिने चंदनी साबणाने अंग धुतले तर तिला अडविण्यास काशीखंडात शब्दच नव्हता.