लाल टोपी आणि चार वर्षे

पुण्याच्या लष्कर भागात लहानाचा मोठा झालो. त्यामुळे ‘एमपी’ म्हणजे खासदार, हे मला फार उशिरा कळले. आमच्या लेखी एमपी म्हणजे लाल टोपीतला मिलिटरी पोलीस. तो कोपऱ्यावर दिसला, की रजेवरचा जवानसुद्धा गळ्याशी हात नेऊन बटण लावून घ्यायचा. हा माणूस हुद्द्याने नाईक किंवा हवालदार, फार मोठा नव्हे. मग त्याचा एवढा धाक कसा?

याचे उत्तर १९५० च्या लष्कर कायद्यात आहे. त्यातले १०७ वे कलम प्रोव्होस्ट मार्शलला, आणि त्याच्या वतीने काम करणाऱ्यांना, गुन्हा करणाऱ्या सैनिकाला अटक करण्याचा अधिकार देते. अधिकाऱ्याला मात्र दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय हात लावता येत नाही. हुद्द्याची उतरंड तिथेही सुटत नाही!

ही उतरंड मोठी गमतीची आहे. शिवकाळात गडाचा ताबा ज्याच्याकडे तो हवालदार. पायदळात पाच नाइकांवर एक हवालदार. तोच शब्द आज तीन फितींवर येऊन थांबला आहे. ‘जमादारा’ची गत त्याहून वाईट. एके काळी तो पथकाचा म्होरक्या. पुढे उत्तरेत झाडूवाल्यालाही जमादार म्हणू लागले. अखेर १९६५ मध्ये लष्कराने हा हुद्दा ‘नायब सुभेदार’ केला. काम तेच, पण त्या माणसाला आपल्या गावात सांगता येईल असे नाव मिळाले. मला हा बदल छोटा वाटत नाही.

या शिडीवर स्त्रिया चढल्या त्या उलट्या बाजूने. परिचारिका आणि डॉक्टर सोडल्या, तर १९९२ पासून त्यांना लष्करात प्रवेश मिळाला तो अधिकारी म्हणून. शिपायाची पायरी बंदच होती. ती उघडली मिलिटरी पोलिसांनी. जानेवारी २०१९ मध्ये संरक्षण मंत्रालयाने निर्णय जाहीर केला, की या दलात टप्प्याटप्प्याने स्त्रियांचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत न्यायचे. पहिल्या शंभर जागांसाठी सुमारे दोन लाख अर्ज आले. ८ मे २०२१ रोजी बंगळुरूच्या केंद्रातून ८३ जणी ६१ आठवड्यांचे प्रशिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. करोनामुळे संचलन साधेपणानेच झाले.

आता निवृत्तीचे. जुन्या काळी शिपाई सात वर्षे पलटणीत आणि आठ वर्षे राखीव दलात, अशी पंधरा वर्षे भरत असे. पलटणीतली मुदत पुढे वाढत सतरा वर्षांवर गेली. पेन्शनला मात्र पंधरा वर्षे लागतात, ही अट कायम राहिली. त्या ८३ जणी याच अटींवर भरती झाल्या होत्या.

त्यानंतर सुमारे वर्षभराने, १४ जून २०२२ रोजी, अग्निपथ योजना आली. शिपायाच्याही खाली ‘अग्निवीर’ हा वेगळा हुद्दा निर्माण झाला, त्याचे बोधचिन्हही वेगळे. मुदत चार वर्षे, प्रशिक्षण धरून. त्यांतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे कायम नोकरी. बाकीच्यांच्या हाती सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही.

सैन्य तरुण राहावे, पेन्शनचा बोजा कमी व्हावा, हे सरकारचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण मिलिटरी पोलिसाचे काम खंदकातल्या शिपायापेक्षा वेगळे आहे. त्याला आपल्याच माणसांना अडवायचे असते. ब्रिटनमध्ये तर मिलिटरी पोलिसाला प्रशिक्षण संपताच लान्स कॉर्पोरल करतात, साधा शिपाई ठेवतच नाहीत. कारण ज्याला जरब बसवायची, त्याच्या बाहीवर निदान एक फीत हवी. आपल्याकडे विशीतल्या मुलीला सर्वांत खालचा हुद्दा आणि चार वर्षांची मुदत देऊन तिने पंधरा वर्षे नोकरी झालेल्या हवालदाराची गाडी थांबवावी, अशी अपेक्षा आहे. कायदा तिच्या मागे आहे, हे खरे. पण लष्कर भागात ज्यांचे लहानपण गेले, त्यांना ठाऊक आहे, की बटणाकडे हात जायचा तो कायद्याचे कलम आठवून नव्हे.

योजनेखाली निवडलेल्या शंभर मुलींचे प्रशिक्षण मार्च २०२३ मध्ये बंगळुरूला सुरू झाले. त्यांच्या चार वर्षांचा हिशेब २०२७ सालचा. बरोबरच्या चौघींपैकी एकच राहणार, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे.