बहरोटचा अग्नि आणि फरोख बलसारा

डहाणू तालुक्यांत आसवलीजवळ बहरोटचा डोंगर आहे. संजाण पडल्यावर पारशांनीं आपला इराणशाह अग्नि तेथील गुहांत बारा वर्षें जपला, असें ‘किस्सा-ए-संजाण’ सांगतो. संजाण तलासरीच्या सीमेपलीकडे, आणि त्याच्याहि उत्तरेस बलसार, म्हणजे आजचें वलसाड. या गांवावरून ज्यांचें आडनांव पडलें अशा घराण्यांतील फरोख बलसारा ५ सप्टेंबर १९४६ रोजीं झांजीबारांत जन्मला. शिक्षण मात्र आमच्या पांचगणीस झालें. तेथें १९५८ च्या सुमारास शाळासोबत्यांनीं काढलेल्या ‘द हेक्टिक्स’ या वाद्यवृंदांत तो पियानो वाजवी. झांजीबारांत १९६४ सालीं क्रांति झाली व कुटुंब इंग्लंडास गेलें. १९७० च्या सुमारास ‘क्वीन’चा मुख्य गायक होऊन त्यानें ‘फ्रेडी मर्क्युरी’ हें नांव घेतलें.

नांव टाकलें म्हणजे कूळ टाकलें, असें म्हणणारे पुष्कळ! आम्हांस तें पटत नाहीं. रंगमंचावर हजारोंस डोलविणारा हा पुरुष खासगींत लाजाळू होता, आणि घरच्या गोष्टी त्यानें घरांतच ठेविल्या. एड्सचा आजारहि त्यानें मृत्यूच्या आदल्या दिवशीं, २३ नोव्हेंबर १९९१ रोजीं, जाहीर केला. लंडनमधील त्याचे अंत्यविधि झरथोस्ती धर्मगुरूंनीं केले.