शब्दवेध : पॉश

‘पॉश’ फ्लॅट, ‘पॉश’ वस्ती असं आपण मराठीतही सर्रास म्हणतो. इंग्रज माणसाला या शब्दाचं मूळ विचारा, बहुधा तो आगबोटीची गोष्ट सांगेल. पी अँड ओ कंपनीच्या बोटीने मुंबईला येताना डावीकडची आणि विलायतेला परतताना उजवीकडची केबिन उन्हापासून जरा वाचलेली. म्हणून श्रीमंतांच्या तिकिटांवर म्हणे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं छापत. पी, ओ, एस, एच!

गोष्ट फक्कड आहे. अडचण एवढीच, की तसं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही आणि कंपनीच्या दफ्तरातही त्याची नोंद नाही. शिवाय आद्याक्षरं जोडून शब्द घडवण्याची हौस मुख्यतः 20व्या शतकातली. खरं मूळ कदाचित बरंच कळकट असेल. रोमानी भाषेत ‘पॉश’ म्हणजे अर्धा. त्यावरून इंग्रजी चोरबोलीत अर्धी पेनी, मग नुसताच पैसा. 1890च्या सुमारास छानछोकी करणाऱ्या नटव्यालाही ‘पॉश’ म्हणत. मला हा धागा पटतो. ऑक्सफर्डच्या कोशाने मात्र अजून कुणाच्याच बाजूने कौल दिलेला नाही. बोटीच्या बाजूने तर नाहीच नाही.