गोव्याचें संत पॉल महाविद्यालय : उदय, अस्त आणि उरलेलें धन



धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे चर्चच्या भिंती केव्हां उभ्या राहिल्या, घंटा केव्हां वाजूं लागली, याची उजळणी आपण आनंदानें करतों. तें योग्यच आहे. परंतु संस्था कशानें टिकते व कशानें लयास जाते, हा प्रश्नहि अशा वेळीं मनांत आणावयास हवा. त्याचें उत्तर आपल्या दक्षिण सीमेपलीकडे, जुन्या गोव्यांत, एका एकाकी कमानीच्या रूपानें उभें आहे. ती कमान संत पॉल महाविद्यालयाची होय.

इ. स. 1541 सालीं गोव्याचे प्रधान धर्माधिकारी मिगेल वाज व फादर दियोगु द बोर्बा यांनीं ‘पवित्र श्रद्धेचा संघ’ स्थापून एतद्देशीय मुलांकरितां विद्यालय काढण्याचें ठरविलें. पूर्व आफ्रिकेपासून मोलुका बेटांपर्यंतच्या निरनिराळ्या लोकांतील मुलांनीं येथें शिकावें व स्वदेशीं परतून स्वभाषेंत धर्म सांगावा, हा हेतु होता. 1542 च्या मे महिन्यांत संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास आले, आणि तें दशक संपण्याच्या सुमारास विद्यालयाचा कारभार येशूसंघाच्या हातीं आला.

सत्य लिहावयाचें तर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, या कार्याच्या खर्चास तिसवाडींतील पाडलेल्या देवळांच्या जमिनींचें उत्पन्न लावून देण्यांत आलें होतें. विद्यादान पवित्र खरें; परंतु शेजाऱ्याच्या दुःखावर घातलेला पाया पवित्र म्हणतां येत नाहीं.

विद्यालयाची कीर्ति मात्र लवकरच दूरवर पसरली. 1548 सालीं अंजिरो नांवाचा जपानी गृहस्थ येथें शिकून ख्रिस्ती झाला व पुढील वर्षीं संत झेवियरांसह जपानास गेला. येथील येशूसंघाचे प्रांताधिपति राहिलेले फादर गोंसालु द सिल्व्हेरा आफ्रिकेंतील मोनोमोटापाच्या राज्यांत धर्मप्रचारास गेले व 1561 सालीं तेथें हुतात्मा झाले. आफ्रिकेशीं दुसराहि एक संबंध आहे. अबिसीनिया, म्हणजे आजचा इथिओपिया, या देशाकरितां पाठविलेला छापखाना 1556 सालीं गोव्यास उतरला आणि येथेंच राहिला. हिंदुस्थानांतील हा पहिला छापखाना. त्याच वर्षीं विद्यालयांतील तत्त्वज्ञानविषयक वादविवादाचे सिद्धांत त्यावर छापले गेले. सतराव्या शतकांत बाणावलीचे संत जुझे वाज यांनीं याच विद्यालयांत अध्ययन केलें व पुढें सिंहलद्वीपांतील छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती लोकांची सेवा केली. 2015 सालीं त्यांना संतपद प्राप्त झालें.

आपणां मराठी जनांवर मात्र याहून मोठें ऋण आहे. 1579 सालीं गोव्यास आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनीं गोव्यांतच धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा केला, सासष्टींतील लोकांत आयुष्य घालविलें आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ रचिलें. तें रायतूर ऊर्फ राशोल येथें 1616 सालीं रोमन लिपींत छापलें गेलें. परदेशस्थ पाद्रीनें आपल्या ओवीस प्रभूच्या चरित्राचें वाहन केलें, याचें नवल आजहि ओसरत नाहीं.

पुढें दिवस फिरले. 1684 सालीं व्हाइसरॉयनें फर्मान काढून एतद्देशीयांनीं तीन वर्षांच्या आंत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असें बजावलें. स्वभाषेंत धर्म शिकविण्याच्या मूळ हेतूवरच हा घाव होता. महाविद्यालयाची इमारत रोगराईमुळें पूर्वींच मागें पडली होती व विद्यालय सतराव्या शतकाच्या आरंभीं संत रोकच्या टेकडीवर गेलें होतें. शेवटीं 1759 सालीं पोर्तुगालच्या राजसत्तेनें येशूसंघीयांस आपल्या मुलखांतून हद्दपार केलें. राजाच्या आश्रयानें वाढलेली संस्था राजाच्याच आज्ञेनें बुडाली. एकोणिसाव्या शतकांत जुनी वास्तु पाडण्यांत आली. उरली ती दर्शनी कमान.

आणि ख्रिस्तपुराण? त्याच्या पहिल्या छापील आवृत्त्यांची एकहि प्रत आज हातीं नाहीं. तरी तें नाहीसें झालें नाहीं. श्रद्धावंतांनीं तें हातानें उतरून घेतलें, घरोघर जपलें. आणि 1907 सालीं मंगळुरास तें पुन्हां छापून निघालें. खजिन्याच्या बळावर उभें होतें तें पडलें. लोकांच्या मुखीं होतें तें जगलें.

आपल्यापैकीं अनेकांचे पूर्वज गोव्यांतूनच या किनाऱ्यास आले. आपण घरीं कोंकणी वा मालवणी बोलतों, प्रार्थना मराठींत करतों. 2005 सालीं सिंधुदुर्गास स्वतंत्र धर्मप्रांत लाभला. आपलीं मुलें आज दूरदूरच्या महाविद्यालयांत शिकतात, हें भूषणच आहे. परंतु ज्या घरांत आजीची प्रार्थना नातवास समजत नाहीं, तेथें कमानच तेवढी शिल्लक राहावयाची. आईबापांनो, या महोत्सवाच्या वर्षीं दररोज सायंकाळीं मुलांसह स्वभाषेंत एक प्रार्थना म्हणा व त्यांस तिचा अर्थ सांगा. चर्चच्या भिंतींची डागडुजी धर्मग्राम करीलच. ही डागडुजी ज्याची त्यानें घरीं करावयाची आहे. प्रभु तुम्हांस त्यासाठीं सद्बुद्धि व बळ देवो.