रेषेतील लांडगा आणि संगणकातील लांडगा : अ‍ॅनिमेशनपटांच्या वास्तवसदृश पुनर्निर्मितीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

दौंड तालुक्याच्या कोरडवाहू माळरानांवर भारतीय लांडगा आजही आढळतो. भीमेपलीकडे शिरूर तालुक्यात उसाच्या फडांतून बिबट्याचा वावर असतो. मेंढपाळ व शेतकरी या प्राण्यांना प्रत्यक्ष अनुभवाने ओळखतात. येथील नव्या पिढीला मात्र त्यांची पहिली ओळख बहुधा पडद्यावर झाली, ती 'जंगल बुक'मधील अकेला व बघीरा यांच्या रूपाने. हेच प्राणी प्रथम रेषांतून आणि पुढे संगणकाच्या साहाय्याने हुबेहूब छायाचित्रासारखे अवतरले. लोकप्रिय अ‍ॅनिमेशनपटांच्या अशा पुनर्निर्मितीने प्रेक्षकाला काय दिले व त्याच्यापासून काय हिरावले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मराठी चित्रपटातील पूर्वपीठिका

तंत्र बदलले की जुनी कथा नव्याने सांगावी, ही प्रवृत्ती मराठी चित्रसृष्टीला नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये मूकपटातून मांडलेली हरिश्चंद्राची कथा १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटातून पुन्हा अवतरली. बाबूराव पेंटर यांनी १९२५ चा आपला 'सावकारी पाश' १९३६ मध्ये बोलपट म्हणून स्वतःच पुन्हा निर्माण केला. त्यांच्याच १९२० च्या 'सैरंध्री'चा विषय प्रभातने १९३३ मध्ये रंगीत चित्रपटासाठी निवडला. त्यासाठी जर्मनीत प्रक्रिया करून घेण्यात आली. तथापि रंग अपेक्षेप्रमाणे उतरले नाहीत. या उदाहरणांतून एक सूत्र हाती लागते. मूकपटातील पात्रांना वाणी नव्हती, ती ध्वनीने दिली. येथे नव्या तंत्राने कथेतील उणीव भरून काढली. केवळ नावीन्यासाठी योजलेले तंत्र मात्र कथेला फारसे काही देऊ शकले नाही.

मोगलीचा प्रवास

रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ मध्ये मुंबईत झाला. त्यांचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग तेथील जे. जे. कला विद्यालयात अध्यापक होते. १८९४ च्या 'द जंगल बुक'मधील काही चित्रे त्यांनीच काढली. म्हणजे मोगलीच्या जगाला आरंभापासूनच रेषेची सोबत होती. वॉल्ट डिस्ने यांच्या निधनानंतर, १९६७ मध्ये, त्यांच्या संस्थेचा अ‍ॅनिमेशनपट प्रदर्शित झाला. १९८९ मध्ये जपानमध्ये तयार झालेली मालिका १९९३ मध्ये दूरदर्शनवरून हिंदीत प्रसारित झाली. गुलजार यांचे शीर्षकगीत, विशाल भारद्वाज यांचे संगीत आणि शेरखानला लाभलेला नाना पाटेकर यांचा आवाज यांमुळे ती घराघरांत पोहोचली.

२०१६ मध्ये जॉन फाव्रो यांनी केलेल्या पुनर्निर्मितीत मोगली हा हाडामांसाचा बालकलाकार होता. प्राणी व अरण्य मात्र प्रामुख्याने संगणकनिर्मित होते. चित्रीकरण लॉस एंजेलिस येथील स्टुडिओत झाले. हिंदी आवृत्तीत शेरखानचा आवाज पुन्हा नाना पाटेकर यांचाच होता. चित्र बदलले, परंतु स्मृतीशी नाते आवाजाने राखले, ही बाब लक्षणीय आहे. त्याच दिग्दर्शकाच्या २०१९ च्या 'द लायन किंग'मध्ये तर एका दृश्याचा अपवाद वगळता सर्व काही संगणकनिर्मित होते. दोन्ही चित्रपटांना मोठे व्यावसायिक यश लाभले.

लाभ आणि हानी

नव्या तंत्राने प्राण्यांच्या देहाला वजन, कातडीला पोत आणि हालचालीला खरेपणा दिला, हे मान्य करावे लागेल. परंतु खरा सिंह भुवया उंचावून दुःख व्यक्त करीत नाही. चित्रकार मात्र एका वक्ररेषेने ते साधतो. देह खरा झाला तसा चेहरा अबोल झाला. बोलपटाने मुक्या पात्राला बोलते केले. वास्तवसदृश पुनर्निर्मितीने भावपूर्ण चेहऱ्याला पुष्कळ अंशी मुके केले.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. १९६७ च्या चित्रपटातील लुई हा ओरांगउटान भारतात आढळत नाही, म्हणून २०१६ मध्ये त्याच्या जागी 'जायगँटोपिथेकस' हा महाकाय वानर आला. हा प्राणी दोन लाखांहून अधिक वर्षांपूर्वीच नामशेष झाला आहे. भूगोलाची चूक सुधारताना काळाची चूक पत्करली गेली. लांडग्यांनाही घनदाट, हिरव्यागार अरण्याचे रहिवासी म्हणून दाखविण्यात आले. रेषेतील लांडग्याने आपण खरे असल्याचा दावा कधी केला नव्हता. छायाचित्रासारखी प्रतिमा मात्र न बोलता पुराव्याचा अधिकार गाजविते.

समारोप

भारतीय लांडग्याचा मुख्य अधिवास म्हणजे गवताळ माळराने व खुरटी झुडुपे. अशा जमिनींची गणना सरकारी नोंदींत अनेकदा पडीक म्हणून होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्याला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. परंतु ज्या माळाला आपण अरण्यच मानत नाही, त्याच्या रक्षणाची निकड आपल्याला कशी जाणवणार? हुबेहूब दिसणारा लांडगा हिरव्या जंगलातच राहतो अशी समजूत दृढ झाली, तर दौंडच्या माळावरचा खरा लांडगा दृष्टीआड होईल. म्हणून हे चित्रपट वर्गात दाखवावेत, पण त्यानंतर विद्यार्थ्यांना जवळच्या माळरानावर अवश्य न्यावे. 'हुबेहूब' आणि 'खरे' या दोन शब्दांतील अंतर तेथे आपोआप स्पष्ट होते.