पीडितेवर दोष कां? : स्मृति, दप्तर आणि लोकाचार

(१) विषयोपन्यास

जुन्या कागदांत दंडाचे, वतनाचे व प्रायश्चित्ताचे उल्लेख विपुल आढळतात. परंतु ज्या स्त्रीवर जबरी झाली तिचें पुढें काय झालें, या प्रश्नाचें उत्तर त्यांत क्वचितच मिळतें. हा प्रश्न केवळ जुन्याचा नव्हे. आजही अशी वार्ता गांवांत फुटली कीं, 'ती तेथें गेलीच कशाला, ओरडली कां नाहीं, इतके दिवस गप्प कां राहिली' असे प्रश्न प्रथम तिलाच विचारले जातात. आणि विचारणारे आपण परंपरेचें रक्षण करीत आहों अशा समजुतींत असतात. ती परंपरा खरोखर काय सांगते, हें साधनांच्या आधारें तपासावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

निष्कर्ष आरंभींच सांगून ठेवणें बरें. पीडितेचा त्याग करूं नये, हें मत आपल्या धर्मशास्त्रांत फार जुनें आहे. तिच्याकडे बोट दाखविण्याची रीति शास्त्रापेक्षां लोकाचाराच्या बळावर अधिक टिकली, आणि पुढें न्यायमंदिरांतही तिनें ठाण मांडलें. करुणा ही परकी आयात असून दोषारोप हा मात्र आपला वारसा, ही समजूत साधनांपुढें टिकत नाहीं.

(२) स्मृतिग्रंथांची साक्ष

प्रथम शब्दाचा विचार करूं. संस्कृतांत 'बलात्कार' म्हणजे बळाचा प्रयोग, मग तो ऋण वसूल करण्यासाठीं असो वा दस्तऐवज लिहून घेण्यासाठीं असो. मराठींत त्याचा अर्थ स्त्रीवरील अत्याचारापुरता आकुंचित झाला. तथापि मूळ अर्थ विसरण्यासारखा नाहीं. बळानें लिहून घेतलेला लेख जसा व्यवहारांत प्रमाण मानीत नाहींत, तसा बळानें घडलेला संग हा त्या स्त्रीचें कर्म मानतां येत नाहीं, हा न्याय त्या शब्दांतच सांठविलेला आहे.

वसिष्ठधर्मसूत्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायाच्या आरंभीं बलात्कारानें उपभोगिलेली व चोरांच्या हातीं सांपडलेली स्त्री टाकून देऊं नये असें स्पष्ट विधान आहे. तिच्या त्यागाला शास्त्राची संमति नाहीं, आणि ऋतुकाळानें ती शुद्ध होते, असा त्याचा आशय. पराशरस्मृतीचा दहावा अध्याय याहून सूक्ष्म आहे. बंदीवासांत मारून, बांधून, बळानें अथवा भयानें जिचा उपभोग घेतला गेला, तिला सांतपन कृच्छ्रानें शुद्धि सांगितली आहे. येथें ताडन, बंधन आणि बळ यांच्या पंक्तीस भयही बसविलें आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें प्रयोजन पडेल.

तिसरें प्रमाण देवलस्मृतीचें. पुण्याच्या आनंदाश्रमानें १९०५ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'स्मृतीनां समुच्चय' या ग्रंथांत ती छापलेली आहे. सिंधुतीरीं बसलेल्या देवलास ऋषि प्रश्न करतात असा तिचा उपक्रम असून, सिंधप्रांतावरील अरबांच्या स्वारीनंतरची परिस्थिति तिच्या मुळाशीं असावी, असें विद्वान् मानतात. परचक्रांत धरून नेलेल्या स्त्रीस गर्भ राहिला नसल्यास तीन रात्रींनीं शुद्धि, आणि राहिला असल्यास प्रसूतीनंतर रजोदर्शन होतांच ती निर्मळ सोन्यासारखी शुद्ध होते, असें देवल म्हणतो. सोनें मळलें तरी त्याचें सोनेपण जात नाहीं. ही उपमा योजणाऱ्याच्या अंतःकरणांत दया होती यांत संशय नाहीं.

परंतु साधनांची एकच बाजू मांडणें हें संशोधकास शोभत नाहीं. देवलानें मातेस घरांत घेतलें, तरी त्या गर्भास मात्र दुसऱ्यास देण्यास सांगितलें. 'शुद्धि' हा शब्दच कांहीं मलिनता गृहीत धरतो. आणि अपराध पुरुषाचा असतां कृच्छ्र मात्र स्त्रीनें करावयाचें, ही विसंगति कोणत्याही टीकाकाराच्या पांडित्यानें झांकली जात नाहीं. दंडाच्या प्रकरणांतही असेंच तारतम्य दिसतें. अनिच्छु कन्येस दूषित करणाऱ्यास मनूनें तत्काळ वधदंड सांगितला. तोच अपराध दासीच्या बाबतींत घडला तर याज्ञवल्क्यानें अवघे १० पण दंड पुरेसा मानला. कौटिल्यानें रूपाजीवेवर जबरी करणाऱ्यास १२ पण सांगितले. येथें दोन गोष्टी एकत्र दिसतात. रूपाजीवेचीही अनिच्छा ही अनिच्छाच होय व तिच्यावरील जबरी हा अपराधच होय, हें शास्त्रानें ओळखलें. आणि त्या अपराधाचें मोल मात्र तिच्या सामाजिक पायरीवरून ठरविलें. पहिली गोष्ट घेण्याजोगी आहे, दुसरी टाकण्याजोगी.

(३) शिवकालीन कागद

महाराष्ट्रांत या विषयावर ज्या एका कागदाचा उल्लेख सर्वत्र होतो तो म्हणजे २८ जानेवारी १६४६ (शके १५६७) चें रांझें येथील पाटिलकीसंबंधींचें पत्र. तर्फ खेडेबारें येथील रांझें गांवचा मोकदम बाबाजी भिकाजी गुजर याचे हातून 'बदअमल' झाला. हकीकत हुजुरास कळल्यावर त्यास आणून चौकशी केली, आरोप खरा ठरला, वतन अमानत झालें व त्याचे हातपाय तोडण्यांत आले. पुढें त्याच्याच गोतापैकीं सोनजी गुजर यानें अर्ज करून त्यास आपल्या हवालीं घेतलें व मोकदमीही त्यासच मिळाली.

लोकांत ही कथा सविस्तर सांगतात. परंतु पत्रांत 'बदअमल' याहून अधिक खुलासा नाहीं. ती स्त्री कोण, ती पुढें कोठें राहिली, तिला घरच्यांनीं कसें वागविलें, याविषयीं पत्र सर्वस्वीं मूक आहे. वतन कोणाकडे गेलें हें दप्तरास सांगावयाचें होतें, तें त्यानें सांगितलें. तरी एक गोष्ट या पत्रावरून निश्चित म्हणतां येते. चौकशी झाली ती गुन्हेगाराच्या वर्तनाची. आणि तो गांवचा धनी होता म्हणून त्यास सूट मिळाली नाहीं.

याच्या जोडीस दुसरीं दोन प्रमाणें ठेवावीं. मुलखगिरींत बायकापोरें धरूं नयेत, असा शिवछत्रपतींच्या लष्करचा नियम सभासदानें नोंदविला आहे. आणि महाराजांविषयीं कटु लिहिणारा खाफीखान हाही परस्त्रीच्या अब्रूस धक्का न लावण्याचा त्यांचा कटाक्ष मान्य करतो. प्रतिपक्षाच्या लेखणींतून उतरलेली साक्ष बखरीहून अधिक वजनाची होय. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा मात्र समकालीन कागदांत मिळत नाहीं. तिच्यावर विसंबण्याची गरजही नाहीं.

(४) पेशवाई व लोकाचार

पेशवाईच्या दप्तरांत 'बदकर्म', 'शिंदळकी' असे शब्द वारंवार येतात. संमतीनें घडलें काय आणि जबरीनें घडलें काय, हें या शब्दांवरून कळत नाहीं, आणि अनर्थाचें मूळ येथेंच आहे. शब्दांत भेद नाहीं म्हणून नोंदींत भेद नाहीं, आणि नोंदींत भेद नाहीं म्हणून शिक्षेंतही तो राहील याची शाश्वति नाहीं. शिंदळकीचा दंड ही सरकारची एक जमेची बाब होती. दोषी ठरलेल्या कित्येक स्त्रियांना किल्ल्यावर अटकेंत ठेवीत, कित्येकींना कुणबीण करून राबवीत. वसिष्ठ-पराशरांनीं केलेला भेद अशा रीतीनें व्यवहारांत पुसला गेला.

आणखी एक तुलना उद्बोधक आहे. नेताजी पालकरास १६७६ सालीं पुन्हा स्वधर्मांत घेतलें, ही गोष्ट इतिहासकारांनीं अभिमानानें जपली. धरून नेलेला पुरुष परत आला कीं तो वीर. धरून नेलेली स्त्री परत आली तर घराच्या उंबरठ्यावरच प्रश्नचिन्ह. वास्तविक देवलाचा न्याय दोघांसही लागू होता. १९४७ सालीं पंजाब व बंगाल यांची फाळणी झाली तेव्हां हाच प्रश्न सहस्रावधि कुटुंबांपुढें उभा राहिला. पळवून नेलेल्या स्त्रियांचा त्यांत कांहींएक अपराध नाहीं, त्यांना मानानें घरांत घ्या, असें महात्मा गांधींना त्या वेळीं पुनःपुन्हां सांगावें लागलें. ज्या देशांत देवलस्मृति लिहिली गेली त्या देशांत हें सांगण्याची पाळी यावी, यावरून लोकाचार शास्त्रास किती जुमानतो हें उघड होतें.

(५) एकोणिसावें शतक

महाराष्ट्रांत या लोकाचारास कृतीनें उत्तर दिलें तें जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं. विधवेस फसवून अथवा दडपून गरोदर करावें, आणि पाप उघडकीस आलें कीं तीर्थयात्रा, विष किंवा विहीर हेच मार्ग तिला उरावे, अशी तेव्हांची स्थिति होती. १८६३ सालीं पुण्यांत त्यांनीं आपल्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. तेथें येऊन गुप्तपणें बाळंत व्हा, मूल नेणें न नेणें तुमच्या खुषीवर, असा त्याचा प्रघात होता. येणारीस आधीं आसरा, चौकशी नाहीं. हा क्रम मोलाचा आहे. तेथेंच जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या पुत्रास, यशवंतास, त्यांनीं १८७४ सालीं दत्तक घेतलें. देवलानें जो गर्भ दुसऱ्यास देण्यास सांगितला, त्यास फुले दंपतीनें स्वतःचें नांव दिलें. स्मृतिकाराचें वाक्य जेथें थांबलें होतें तेथून तें पुढें गेलें, असें मी समजतों. पंढरपुरासही १८७५ सालीं असाच बालकाश्रम निघाला.

१८८१ सालीं सुरतेकडील एका तरुण विधवेस भ्रूणहत्येसाठीं फांशीची शिक्षा झाली, ती पुढें कमी करण्यांत आली. वृत्तपत्रांनीं समस्त स्त्रीजातीवर आग पाखडली. तेव्हां बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून, त्या विधवेस या स्थितीस आणणारा पुरुष कोठें आहे, हा प्रश्न रोखठोक विचारला. रांझें येथील पत्रांत चौकशी पुरुषाची झाली होती. अडीचशें वर्षांच्या आंत ती स्त्रीकडे वळली होती.

(६) न्यायमंदिरांत

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत, फिर्यादी स्त्री सामान्यतः अनीतिमान् आहे असें दाखवून तिची साक्ष पाडण्याची मुभा आरोपीस होती. ही तरतूद २००२ च्या अखेरीपर्यंत, म्हणजे १३० वर्षें, टिकली. तिच्या छायेंत काय घडत असे याचें उदाहरण विदर्भांतलें आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्रीं देसाईगंजच्या पोलीस चौकींत एका आदिवासी मुलीवर शिपायांनीं अत्याचार केल्याचा खटला झाला. (तिचें नांव निवाड्यांतून प्रसिद्ध झालेलें असलें तरी येथें हेतुतः देत नाहीं.) सत्र न्यायालयानें तिच्या पूर्वायुष्यावर बोट ठेवून आरोपींना सोडलें. उच्च न्यायालयाच्या नागपूर पीठानें भयानें मुकाट राहणें व संमति देणें यांत अंतर आहे असें सांगून शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं, अंगावर जखमा नाहींत व प्रतिकाराची खूण नाहीं या कारणास्तव, ती शिक्षा रद्द केली.

येथें पराशराचें स्मरण करावें. मारून, बांधून, बळानें अथवा भयानें, हे चार प्रकार त्यानें वेगळे गणले होते. जखम पहिल्या तिहींची खूण होऊं शकेल; भयाची खूण कातडीवर उमटत नाहीं. भयानें शरीर थिजतें, वाचा बसते, पुढें घटनेचा क्रमही तुटक आठवतो, हें आज वैद्यकास चांगलें ठाऊक आहे. म्हणून 'ओरडली कां नाहीं' हा प्रश्न शास्त्रदृष्ट्या व वैद्यकदृष्ट्या दोहीं परी अज्ञानाचा आहे.

१९७९ सालीं उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनीं सरन्यायाधीशांस उघड पत्र लिहिलें. स्त्रियांच्या संघटना उठल्या. आणि १९८३ सालीं कायदा बदलला. पीडितेचें नांव प्रसिद्ध करणें गुन्हा ठरला. कोठडींतील अत्याचारांत समागम सिद्ध झाला व तिनें 'संमति नव्हती' असें शपथेवर सांगितलें, तर न्यायालयानें तें गृहीत धरावें, असें ठरलें. २०१३ च्या सुधारणेनें सरकारी व खाजगी सर्व रुग्णालयांवर अशा स्त्रीस तत्काळ विनामूल्य उपचार देण्याचें बंधन आलें; १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या संहितेंतही तें कायम आहे. तिच्या पूर्वसंबंधांचा तर्क करणारी दोन बोटांची तपासणी करणें हें गैरवर्तन होय, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं बजावलें.

(७) उपसंहार

कायदा सुधारला, तरी प्रथम न्यायसभा भरते ती घरांत व ओटीवर. याविषयीं आमच्याच गांवचा दाखला देतों. चिरनेर हें पूर्वीच्या पनवेल तालुक्यांतील, हल्लींच्या उरण तालुक्यांतील गांव. २५ सप्टेंबर १९३० रोजीं येथें जंगल सत्याग्रह झाला, पोलिसांच्या गोळ्या चालल्या, आणि नाग्या महादू कातकरी यांच्यासारखे सत्याग्रही धारातीर्थीं पडले. त्यांचें स्मारक गांवानें उभारलें आहे व दरवर्षीं त्यांना मानवंदना होते. ते रानांत गेलेच कशाला, असें येथें कोणी विचारीत नाहीं. घावाचा दोष घायाळावर नसून गोळी झाडणाऱ्यावर आहे, हें लहान मुलासही कळतें. बळानें झालेला दुसरा घाव स्त्रीच्या देहावर पडला कीं हाच साधा न्याय आपल्या मनांतून कां निसटावा?

कर्तव्य फार अवघड नाहीं. तिचें म्हणणें आधीं ऐकावें, उलटतपासणी करूं नये. पहिल्या तीन दिवसांच्या आंत वैद्यकीय उपचार मिळतील असें पाहावें, कारण कांहीं औषधांचा उपयोग तेवढ्याच मुदतींत होतो. पुढें काय करावयाचें तें तिला विचारून करावें. आणि तिचें नांव आपल्या तोंडून चौथ्या कानीं जाऊं देऊं नये.

कागद जमविणाऱ्या मित्रांस एक विनंति अधिक आहे. आपल्या रुमालांत प्रायश्चित्तपत्रें, निवाडे व गोतसभेचे कागद असतील. त्यांत 'बदकर्म' असा शब्द आला म्हणजे ती स्त्री दोषी होती असें टिपणींत लिहून टाकूं नका. जबरी होती कीं संमति, याचा निर्देश कागदांत आहे का तें पाहा, आणि नसल्यास 'निर्देश नाहीं' एवढेंच नमूद करा. अलीकडच्या काळचा कागद असून त्या घराण्याचे वंशज हयात असतील, तर स्त्रीचें नांव गाळून छापा. दप्तर लिहिणाऱ्यानें तिच्यावर जो अन्याय केला असेल तो दोनशें वर्षांनीं तिच्यावर पुन्हा लादणारे आपण तरी होऊं नये.